प्रेतानं बोलायचं नसतं

प्रेताचं काम करायला माणूस मिळत नाही, हे ठिणगीला त्या आठवड्यात कळलं. नायिका व्हायला वर्गातल्या अर्ध्या मुली तयार होत्या, खुनी व्हायला तर रांग लागली असती. पण डोळे मिटून चार तास खुर्चीत बसायचं म्हटल्यावर एकेकाला घरची कामं आठवायला लागली. एकाची पाठ दुखत होती. एकाच्या आईला ते बरं वाटत नव्हतं. एकाने तर आनंदाने होकार दिला आणि आयत्या वेळी फोन बंद करून ठेवला. शेवटी मंगळवारी सकाळी, कॅमेरा लागलेला, दिवे लागलेले आणि प्रेताचा पत्ता नाही अशी वेळ आल्यावर ठिणगीने स्वतःच्या मामालाच खुर्चीत बसवलं. शूटिंग तिच्याच घरी होतं आणि ती वेताची खुर्ची तशीही मामाचीच होती.

भानगड सुरू केली होती सिनेमा शिकवणाऱ्या मॅडमनी. त्यांनी वर्गाला एक जुनी ब्लॅक कॉमेडी दाखवली. तिच्यात एक म्हातारा ऐन पाहुणे यायच्या वेळी मरतो आणि कोणाला कळू नये म्हणून घरचे लोक त्याला घरभर हलवत राहतात. दिवे लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "यावरून काहीतरी सुचू द्या. नक्कल नको. एका नसलेल्या सिनेमाचा दोन मिनिटांचा ट्रेलर करा. सिनेमा नाहीये हे मला माहीत आहे, पण बघणाऱ्याला तो आहे असंच वाटलं पाहिजे." ठिणगीने बसल्या जागी नाव ठरवलं, 'आजोबा जरा झोपलेत'. वाढदिवसाच्याच सकाळी आजोबा मरतात, पाहुणे दारात आलेले असतात, आणि घरचे त्यांना कागदी टोपी घालून तसेच खुर्चीत बसवून ठेवतात.

कागदी टोपी मामाला शोभत होती. प्रश्न टोपीचा नव्हताच.

मामाने चाळीस वर्षं एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती. पडद्याच्या आड, विंगेतल्या स्टुलावर हातात संहितेची जाड वही घेऊन बसून, नट अडकला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं, हे त्याचं काम. आवाज असा की नटाच्या कानात जावा आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. कंपनी बंद पडली, स्टूल गेलं, पण खोड गेली नाही. जेवताना आई "जरा ते... ते..." म्हणून थांबली की शेजारून "मीठ" असा हलका आवाज यायचा. ठिणगी, जिचं खरं नाव आता घरातही कोणी घेत नसे आणि हे टोपणनावही मामानेच ठेवलेलं होतं, ती त्याच्याशी भांडताना दम घ्यायला थांबली तर तो तिचाच पुढचा मुद्दा तिला पुरवायचा. "'तुला माझं काही पटतच नाही,' हे राहिलं," असं शांतपणे सांगायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सुनेचं काम करणाऱ्या मैत्रिणीला वर्गात विसरभोळी म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. तिला पाहुण्यांकडे वळून दोन वाक्यं बोलायची होती. "आजोबा जरा झोपलेत. केक नंतर कापू."

"आजोबा जरा झोपलेत," ती म्हणाली आणि थांबली.

"केक नंतर कापू," प्रेत म्हणालं.

आवाजाचं काम बघणारा मुलगा कोपऱ्यात हेडफोन लावून बसला होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. "प्रेत बोललं," त्याने जाहीर केलं.

"मामा!"

"ती अडकली होती गं."

"अडकू दे! तू मेलायस!"

"मेलो म्हणून काय तिला तोंडघशी पडू देऊ?"

दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला विसरभोळी खोकली, तेवढ्यातही ओळ आली. पाचव्याला ती अडकलीच नव्हती, नुसती थांबली होती, पण मामाला तेवढंही सोसवलं नाही. सातव्या टेकनंतर ठिणगीच्या डोक्याच्या शिरा उडायला लागल्या आणि नवव्याला तिचा तोल सुटला.

"प्रेतानं बोलायचं नसतं, मामा! जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं बोलत बसलास, आता एकदा तरी गप्प बस. मेलेल्या माणसासारखा गप्प बस!"

मामाने टोपी सरळ केली, "बरं," म्हणाला आणि डोळे मिटले. त्यानंतर त्याने ओठ हलवले नाहीत. विसरभोळी दोनदा अडकली, तरी नाही. इतका चांगला मेलेला माणूस वर्गात कोणी पाहिला नसेल. ठिणगीला आतून खूप वाईट वाटत होतं, पण ऊन सरकत होतं आणि माफी मागायला वेळ नव्हता.

शूटिंग संपल्यावर कानसेनने रूम टोन घेतला. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. फ्रिजची घरघर, घड्याळ, लांबचा रस्ता. पुढे वाक्यांच्या मधली भोकं बुजवायला ती लागते, म्हणून शेवटी सगळ्यांनी आहे तिथे अजिबात न हलता उभं राहायचं आणि तीस सेकंद काहीही न करणं रेकॉर्ड करायचं. सगळे उभे राहिले. मामा खुर्चीत होताच.

गुरुवारी दुपारी ठिणगी आणि कानसेन कॉलेजच्या एडिटिंगच्या खोलीत बसले. तळघरातली खोली, खिडकी नाही, तापलेल्या वायरींचा आणि ओल्या गालिच्याचा वास. ट्रेलर दुसऱ्या दिवशी बारापर्यंत द्यायचा होता. पहिले नऊ टेक प्रेताच्या बडबडीने वाया गेलेले, नंतरचे बरे होते, पण एका जागी दोन वाक्यांमध्ये मोटारीचा हॉर्न आला होता. कानसेनने तो काढला, तिथे रूम टोन चिकटवला आणि आवाज वाढवला.

घरघर. टिकटिक. आणि तिच्याखाली, अगदी तळाशी, एक ओळखीची कुजबुज.

'हा काय प्रकार आहे...'

"हा काय प्रकार आहे?" ठिणगी ओरडली. "तीस सेकंदसुद्धा? त्याला तीस सेकंदसुद्धा गप्प बसवलं नाही?"

कानसेन तिच्याकडे बघत राहिला. "तू आता काय म्हणालीस?"

"काय म्हणजे?"

"तो जे म्हणाला तेच म्हणालीस." त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. "आणि मंगळवारी हे नव्हतं. मी हेडफोन लावून बसलो होतो. असतं तर मी पुन्हा घेतलं नसतं का?"

"झोप लागली असेल तुला."

त्याने फाईल पुढे चालू दिली. नऊ सेकंद नुसती खोली होती. मग पुन्हा तोच आवाज, तोच संयम, समोरच्याला शब्द नीट उचलता यावेत असा. 'अजून किती वेळ... मला खोली बंद करायचीय...'

"हे कुठल्या नाटकातलं?" ठिणगी वैतागून म्हणाली. "चाळीस वर्षांचं काय काय साठलंय त्याच्या डोक्यात, आणि ते सगळं माझ्याच ट्रेलरमध्ये..."

दार उघडलं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन शिपाई उभा होता. "अजून किती वेळ? मला खोली बंद करायचीय."

कानसेनने दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले. शिपायाला काहीतरी सांगून कोणी परत पाठवलं ते नंतर दोघांनाही आठवेना. फाईल चालूच होती आणि थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

'दादा जरा झोपलाय...'

मामाला 'दादा' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. कानसेनने फाईल थांबवली आणि ठिणगीने घरी फोन लावला.

"आई, मामा कुठंय?"

"खुर्चीत. दादा जरा झोपलाय. का गं?"

"उठव त्याला."

"कशाला? सकाळपासून अंग मोडून आलंय म्हणत होता. तुम्ही चार तास बसवून ठेवलंत, आता जरा डोळा लागलाय तर तुझं हे..."

"आई, उठव ना!"

"मी नाही उठवणार," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ठिणगीला चटकन पेटायचं वळण कोणाकडून आलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

फाईलचे शेवटचे काही सेकंद उरले होते. ऐकू नये असं दोघांनाही वाटत होतं आणि ऐकल्याशिवाय उठवतही नव्हतं. कानसेनने ती पुन्हा चालू केली. घड्याळाची टिकटिक. कोणाच्या तरी बुटाचा आवाज. मग अगदी स्पष्ट, जवळून,

'मामा, ऐकतोयस ना...'

आणि तीस सेकंद संपले.

बस प्रत्येक थांब्यावर थांबली. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी पिशव्या घेऊन चढलं आणि जागा शोधत उभं राहिलं. एका आजीबाईंनी उतरायच्या आधी चालकाला दोनदा विचारून खात्री करून घेतली. ठिणगी दात-ओठ खात दारापाशी उभी होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना ढकलत होती. घराचा जिना ती कशी चढली तिलाच माहीत. दार ढकललं, तर मामा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होता.

तिला आधी रडू आलं, मग राग आला, मग दोन्ही एकदमच आलं. मामा ते सगळं होईपर्यंत थांबला.

"मी नव्हतो," सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. "तू गप्प बस म्हणालीस, मी गप्प बसलो. पण ऐकू येत होतं मला. खुर्चीच्या मागून. मला वाटलं तुमच्यातलाच कोणी शिकाऊ आहे. चांगला होता हं. कुठे घाई नाही, कुठे जोर नाही."

"मामा, खुर्चीच्या मागे भिंत आहे."

"ते खरंच," मामा म्हणाला. बशी खाली ठेवून त्याने मिशीवरून हात फिरवला. "ओळी कोणत्या होत्या?"

तिने पहिल्या तीन सांगितल्या. चौथी तिच्या तोंडून निघेना. तिने ती त्याच्या वर्तमानपत्राच्या कडेला पेनाने लिहिली. मामाने चष्मा लावून वाचली. पाठ करायला दिलेली संहिता वाचावी तशी, ओठ न हलवता.

"ही तुझी. आणि माझं उत्तर?"

"नाहीये. तिथेच संपतं."

"उत्तर लिहिलेलंच नाही?" त्याने चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. "म्हणजे तू विचारशील तेव्हा मी नसेन."

"असं काही बोलू नकोस!"

"चिडतेस कशाला? मग तू ती ओळ घेऊच नकोस. साधी गोष्ट आहे. नटाने वाक्य घेतलं नाही की प्रवेश पुढे सरकत नाही. समोरचाही तिथेच अडकतो. ना बाहेर पडता येतं, ना बसता येतं. एकदा एका नायिकेनं 'जा' म्हणायचं विसरून आमच्या राजाला पंधरा मिनिटं दारात उभं ठेवलं होतं." आणि तो खो खो हसला. ठिणगी हसली नाही.

ट्रेलर वेळेवर गेला. कानसेनने दुसऱ्या कुठल्या तरी खोलीची शांतता आणून चिकटवली आणि ती तीस सेकंदांची फाईल पुसून टाकली, निदान तो तसं म्हणाला. मॅडमनी ट्रेलर दोनदा पाहिला आणि विचारलं, "हा सिनेमा कुठे बघायला मिळेल?" वर्गात त्यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं.

घरी मात्र ठिणगीचे हाल सुरू झाले. माणूस दिवसातून किती वेळा 'ऐकतोयस ना' म्हणतो हे ते बंद केल्याशिवाय कळत नाही. "मामा," म्हणून ती थांबायची आणि समोर जाऊन उभी राहायची. तो डोळे मिटून बसला असला की हाक मारायच्या ऐवजी त्याच्या छातीकडे बघायची, शर्टाची बटणं वरखाली होतात का ते. डॉक्टर येऊन गेले, हृदय थकलंय म्हणाले, गोळ्या दिल्या. तिने त्याच्याशी भांडणंही सोडून दिलं, कारण भांडणात तोंडून काय जाईल याचा भरवसा नाही. त्याचा मामाला सगळ्यात जास्त त्रास झाला.

"भांड की जरा," तो म्हणायचा. "किती दिवसांत तुला ओळ दिली नाही."

तिला माफी मागायची होती. मेलेल्या माणसासारखा गप्प बस, हे ती त्याला बोलली होती, चारचौघांत, आणि ते वाक्य तिला रोज टोचत होतं. पण माफीची सुरुवात 'मामा' अशीच होणार आणि मामा म्हटलं की तिची जीभ अडखळायची.

असे तीन आठवडे गेले. रविवारी सकाळी कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांचे ट्रेलर दाखवले. मामाला जिने झेपत नव्हते म्हणून तो घरीच थांबला होता. दुपारी परत आल्यावर ठिणगी त्याच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली, त्याचा हात हातात घेतला आणि सांगत सुटली. कागदी टोपी दिसल्याबरोबर लोक कसे हसले, मागच्या रांगेतला एकजण कसा खुर्चीवरून घसरला, मॅडम कोणाला तरी 'हा नट कोण' म्हणून कसं विचारत होत्या. मामा डोळे मिटून बसला होता. चेहऱ्यावर हसू होतं. आतल्या खोलीत आई आडवी झाली होती.

"आणि मामा, त्या दिवशी मी तुला जे बोलले ना... ते..."

ती अडकली. खोलीत फ्रिज घरघरत होता. आता तो पुरवेल, तिला वाटलं. 'माझं चुकलं.' दोनच तर शब्द.

'मामा, ऐकतोयस ना...'

"मस्करी पुरे!" ती भडकून म्हणाली. "आजच्या दिवशी तरी..."

'मामा, ऐकतोयस ना...'

तिने वर पाहिलं. मामाचे ओठ मिटलेले होते. शर्टाची बटणं हलत नव्हती. तिने हाताची बोटं त्याच्या नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. काहीच लागलं नाही. हात मात्र ऊबदार होता, आणि भुवया वर चढलेल्या होत्या. हा चेहरा तिला लहानपणापासून ठाऊक होता. विंगेत त्याच्या मांडीवर बसून तिने तो कितीदा पाहिला होता. नट अडकला की मामा असाच व्हायचा, सगळं अंग त्या एका वाक्याकडे लागलेलं, ते उचललं जाईपर्यंत श्वास रोखलेला.

आईला हाक मारायचं तिला सुचलं, पण तोंड उघडायची भीती वाटत होती. ओळ पुन्हा आली. मग पुन्हा. घड्याळात दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी म्हटलंच नाही तर हा जाणार नाही, हे तिला समजत होतं. असाच बसेल. हात असाच ऊबदार राहील. तिला तेवढंही चाललं असतं.

पण आवाज थकत चालला होता. पहिल्यांदा होता तसा तो आता राहिला नव्हता. शेवटचा शब्द खरखरत होता, मधे दम लागत होता. 'मामा... ऐकतोयस...' तिच्या मुठीतला त्याचा अंगठा बारीक थरथरायला लागला. चाळीस वर्षांत त्याने कोणाला मंचावर उघडं पडू दिलं नव्हतं आणि ती त्याला तिथे उभं करून ठेवत होती, स्वतःसाठी. ठिणगीला स्वतःचाच संताप आला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. हे तिला कोणी पुरवलं नव्हतं. "गप्प बस म्हणाले ते चुकलं. मला तुझा आवाज आवडतो." मग तिने त्याचा हात घट्ट धरला. "मामा... ऐकतोयस ना?"

भुवया हळूच खाली आल्या. हात जड झाला. कुजबुज थांबली.

ती तरीही उत्तराची वाट बघत राहिली. रडायचंही तिला सुचलं नाही. तेवढ्यात खुर्चीच्या मागे, पाठ आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत, कोणीतरी फार जपून एका जाड वहीचं पान उलटलं.

आतून पावलं वाजली. आई झोपेतून उठून दारात आली. तिने भावाकडे पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं आणि शब्द न सापडून ती तशीच थांबली.

ठिणगी एका उडीत तिच्यापाशी पोहोचली आणि तिने आईचे दोन्ही कान हातांनी गच्च झाकून धरले.